आगरातली मोटर : केबलमधला व्होल्टेज ड्रॉप, नोंद तिसरी

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की विहिरीवरची एक एचपीची सिंगल फेज मोटर सकाळी एका झटक्यात सुटते, पण संध्याकाळी साडेसातला नुसती हुं करत बसते. मोटरला सुटायला मदत करणारा कपॅसिटर नवा घालून झाला. पंपाचा शाफ्ट हाताने फिरवून पाहिला, मोकळा आहे. तेव्हा लांब केबलमध्येच व्होल्टेज गळत असेल (यालाच व्होल्टेज ड्रॉप म्हणतात) असं धरून हे दोन आठवडे केबलच्या मागे लागलो, आणि बरंच हाती लागलं.

आमचं आगर श्रीवर्धनला. घर रस्त्याच्या अंगाला, विहीर पार मागच्या टोकाला, मधे सुपारी नि नारळ. पावलांनी मोजलं होतं तेव्हा अंतर सत्तर मीटर भरलं होतं. पण केबल सरळ कुठे जाते? गडग्याच्या कडेने निघते, फणसाला वळसा घालते, मग विहिरीवर उतरते. सुंभ केबलच्या सोबत धरून नेलं आणि मग ते टेपने मोजलं, तर ९० मीटर. करंट फेजने जातो आणि न्यूट्रलने परत येतो, म्हणून हिशेबात धरायची लांबी १८० मीटर. पहिल्या नोंदीतला माझा आकडा इथेच चुकला होता, तो दुरुस्त करून घ्या.

केबल अडीच स्क्वेअर एमएमची, तांब्याची, फ्लेक्सिबल. तक्त्यात तिचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, २० अंश सेल्सिअसला किलोमीटरमागे ७.९८ ओहम दिलाय. १८० मीटरचा झाला १.४४ ओहम. पण मे महिन्यात आमच्याकडे २० अंश कुठले? ऊन आणि करंटची ऊब मिळून तांबं ४५ अंशांवर धरलं. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे जवळजवळ दहा टक्के वाढ : १.५८ ओहम. मोटर चालू असताना क्लॅम्प मीटरवर ७.२ अँपिअर दिसतात. गुणाकार ११.४ व्होल्ट, मोटरचा पॉवर फॅक्टर (करंट व्होल्टेजच्या किती तालात चालतो तो आकडा) लक्षात घेतला की प्रत्यक्षात १० च्या आसपास दिसायला हवेत.

आता मोजणी. एकच मल्टिमीटर घेऊन आधी घरी आणि मग विहिरीवर जाण्यात अर्थ नाही, तेवढ्या वेळात लाइनचं व्होल्टेज वरखाली होतं. दोन मीटर घेतले, आधी एकाच सॉकेटवर लावून ताडून पाहिले, एक व्होल्टचा फरक होता तो लिहून ठेवला. भाचा घरातल्या बोर्डापाशी, मी स्टार्टरपाशी, फोन कानाला. “मामा, दोनशे बारा!” त्याच क्षणी माझ्याकडे १९५. पाच वेळा केलं, दर वेळी १७ व्होल्टच्या आगेमागे.

हिशेब म्हणतो १०, मीटर म्हणतो १७. वरचे ७ व्होल्ट कुठे गेले? या छंदात मला सगळ्यात आवडणारी जागा हीच. सूत्र फक्त वायरचा ड्रॉप सांगतं, त्यामुळे जे उरतं ते वायरच्या बाहेरचं. आणि वायरच्या बाहेर आमच्याकडे एकच गोष्ट होती : फणसाखालचा जॉइंट. गेल्या पावसाळ्यात फांदी पडून केबल तुटली होती, तेव्हा तारा पिळून वर टेप गुंडाळली होती.

मेन बंद केला, टेप सोडवली. आतला थर वितळून चिकट झालेला, एका बाजूला करपलेला. तारा काळ्या पडलेल्या, पिळाच्या फटीत हिरवट पूड. खारं वारं टेपच्या आतपर्यंत पोचतं, हे ऐकून होतो. डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं. मेन बंद असतानाच जॉइंटच्या दोन्ही बाजूंना क्लिपा लावल्या, दूर झालो, मग मोटर चालू केली. फेजच्या जॉइंटवर ५.८ व्होल्ट, न्यूट्रलच्या १.१. हरवलेले सात व्होल्ट जवळजवळ पुरते सापडले.

५.८ गुणिले ७.२ म्हणजे ४२ वॅट. एवढ्यावर सोल्डरिंगची इस्त्री चालते. तेवढी उष्णता दोन इंची टेपच्या गुंडाळीत, वाळक्या पाचोळ्याच्या वर, रोज तासभर! रेझिस्टन्स काढला तर ०.८ ओहम. आमच्या केबलच्या हिशेबात ही १०० मीटर वायर झाली.

लालसर चकचकीत तांबं लागेपर्यंत तारा मागे कापल्या, कलई केलेले कनेक्टर क्रिम्प केले म्हणजे दाबून बसवले, आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवली की आवळून बसणारी नळी) चढवली आणि सगळं डबीत बंद केलं. पुन्हा दोन मीटर, पुन्हा फोन : १० व्होल्ट. कागदावरचा आकडा मीटरवर उतरला तेव्हा फार बरं वाटलं.

पण संध्याकाळचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. सुटताना ही मोटर चालू करंटच्या चार-पाच पट ओढते, म्हणजे ड्रॉपही तितकाच वाढतो. आणि सुटायचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. संध्याकाळी घरी २०० व्होल्ट असताना जुन्या जॉइंटसकट मोटरपाशी सुटण्याच्या क्षणी ढोबळमानाने १५० व्होल्ट पोचत होते. टॉर्क २३० व्होल्टच्या मानाने ४३ टक्के. आता १६६ पोचतात, टॉर्क ५२ टक्के. काल संध्याकाळी दुसऱ्या प्रयत्नात सुटली.

आमचे वायरमनकाका म्हणाले, “अरे, अडीचची वायर वीस अँपिअर सहज झेलते, तुझी मोटर सातच घेते.” काकांचं बरोबर आहे, वायर तापणार नाही. मात्र वायर किती अँपिअर झेलते या आकड्यात अंतर कुठेच येत नाही, आणि आमची अडचण अंतराची आहे.

मी मोटर चालू असतानाच्या ड्रॉपला ३ टक्क्यांची मर्यादा धरतो, म्हणजे २३० वर ६.९ व्होल्ट. वायर जाड घेतली की रेझिस्टन्स कमी : चार स्क्वेअर एमएमला किलोमीटरमागे ४.९५ ओहम, आमच्या अंतराला ७ व्होल्ट, म्हणजे अगदी काठावर. सहा एमएमला ३.३०, ड्रॉप ४.७, सुटताना १८४ व्होल्ट पोचतील, टॉर्क ६४ टक्के. दहा एमएम ॲल्युमिनियमही जवळपास तेच काम स्वस्तात करते, पण दोन्ही टोकांना तांब्याशी गाठ घालावी लागेल. बायमेटल लग (ॲल्युमिनियम आणि तांबं जोडणारे खास कनेक्टर) मिळतात, तरी फणसाखालचं ते काळं तांबं पाहिल्यावर या हवेत दोन धातूंचा सांधा मला नको.

सहा एमएमची अखंड ९५ मीटर सांगितली आहे, मधे एकही जॉइंट नाही. गडग्याच्या कडेचा चर अर्धा खणून झालाय, मृगाच्या आधी बुजवायचाय. केबल पडली की संध्याकाळी साडेसातचे आकडे इथेच लिहीन.