18 तारीख आणि किराण्याची वही

पाच-सहा वर्षांपूर्वी मी नाशिकमध्ये सफाईच्या एका ठेकेदाराकडे हजेरी आणि पगाराचं काम बघायचो. पंचवटीच्या बाजूला आमची हजेरीशेड. माणसं 140च्या आसपास, त्यात झाडूवाल्या बायाच जास्त.

त्या पावसाळ्यात गोदावरीला पूर येऊन गेला. दुतोंड्या मारुतीपाशी, रामकुंडाच्या पायऱ्यांवर घोटाभर गाळ. बायांनी चार दिवस फावड्या-घमेल्यांनी तो उपसला. पगार मात्र 18 तारीख उजाडली तरी नाही. "बिल निघालं नाही," हे माझं ठरलेलं उत्तर.

त्या दिवशी पाळी सुटल्यावर एक मावशी टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. नखांत अजून गाळ होता. भांडल्या नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीतून किराण्याची वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "भाऊ, वाचा जरा."

तेल 20 रुपये. साखर 10. चहापत्ती 5. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पानंच्या पानं. हातात रोख असती तर त्यांनी तेलाची पिशवी एकदम आणली असती, आणि ती स्वस्तही पडली असती. शेवटच्या पानावर सावकाराचा हिशोब: 3000, शेकडा 10, दरमहा. म्हणजे पगार लांबला की 300 रुपये त्यांच्या घामातून वजा.

मी घरी जाऊन कायदा काढला. इतकी वर्षं पगारपत्रकं भरली, पण नीट वाचला नव्हता. तेव्हा लागू असलेल्या 1936च्या वेतन कायद्यात पगाराच्या मुदतीला महिना ही वरची हद्द होती. आठवड्याला द्यायला कुणाची ना नव्हती. हजारापेक्षा कमी माणसं असतील तर पैसे 7 तारखेच्या आत. ठेकेदाराने दिले नाहीत तर तेव्हाच्या 1970च्या कंत्राटी कामगार कायद्याप्रमाणे ते मुख्य मालकाने, म्हणजे ज्याने ठेका दिला त्याने, द्यायचे आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचे. बिल अडकलं ही कामगाराला सांगायची सबबच नव्हे.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये विचारलं, बांधकामावर देतात तसा दर आठवड्याला पगार हवा का? मला वाटलं होतं, सगळ्या हो म्हणतील. निम्म्या बायांनी नकारार्थी माना हलवल्या. "आठवड्याच्या पैशाला पाय फुटतात. घरातलेच मागतात. पोरांची फी कशातून भरायची?" हे मला सुचलंही नसतं. बऱ्याच बोलाचालीनंतर ठरलं ते असं: 20 तारखेला झालेल्या हजेऱ्यांवर उचल, बाकीचा हिशोब 7च्या आत. अंगमेहनतीच्या माणसाला पंधरवड्यापेक्षा जास्त थांबवू नये, हे माझं मत तिथेच पक्कं झालं. हजेरी तर रोज मांडलेलीच असते, वेगळं काम काय वाढतं?

ठेकेदाराला मी तो 300 रुपयांचा हिशोब कागदावर मांडून दाखवला. कुरकुरला, पण पदरचे पैसे घालून त्याने उचल सुरू केली. दुसऱ्या महिन्यात मावशींनी मला मुद्दाम थांबवून तेलाची भरलेली पिशवी दाखवली, पाच लिटरची.

पुढच्या वर्षी ठेका बदलला. नव्या ठेकेदाराच्या मस्टरवर उचलीचा रकानाच नव्हता.