तुम्ही विचारलंत म्हणून: रंग चढलेले रुपये जमवायचे तर सुरुवात कुठून?

‘काका, असली रंगीत नाणी जमवावीत म्हणतोय. कुठनं सुरू करू, सांगा की.’ हल्ली बेळगावात ओळखीचा माणूस भेटला की मोबाईल पुढे करतो. पडद्यावर राजाछाप रुपया, कडेला निळा, आत जांभळा, मधे सोनेरी. विचारणारा कधी इंजिनिअरिंगचा पोरगा, कधी निपाणीचा वखारवाला, कधी सराफाकडे मोड घालायला आलेल्या बाई. माझं उत्तर सगळ्यांना एकच असतं: आधी करडी नाणी घ्या, म्हणजे हातोहात फिरून साधा करडा रंग धरलेली. ते ऐकून तोंडं पडतात, म्हणून एकदा नीट सांगतो.

चांदी लोखंडासारखी गंजत नाही, पण गंधकापुढे तिचं काही चालत नाही. हवेत हायड्रोजन सल्फाइडचा अंश असला तरी चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो. संग्राहक त्यालाच टोनिंग म्हणतात. सुरुवातीला हा थर इतका पातळ असतो की उजेड थोडा त्याच्या वरूनच परततो आणि थोडा खालच्या चांदीवर आपटून परततो. दोन्ही मिसळताना काही रंग मारले जातात, काही उठून दिसतात. पहिल्या पावसात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवर रंग उमटतात ते याच कारणानं. थोडक्यात, नाण्याला कुणी रंग फासलेला नसतो, आपण थराची जाडी बघत असतो. जाडी वाढते तसे रंग ठरलेल्या क्रमानं बदलतात: फिकट पिवळा, सोनेरी, तांबूस, जांभळा, निळा. मग निळा फिकटतो आणि पुन्हा पिवळा, गुलाबी, हिरवा असं दुसरं आवर्तन होतं. शेवटी काळा. एवढा क्रम पाठ करा. नवख्या माणसाला याहून उपयोगी हत्यार दुसरं नाही.

आता आपल्या घरांकडे बघा. लक्ष्मीपूजनाचे रुपये दर दिवाळीला बाहेर निघतात आणि निघाले की चिंच, राख, रांगोळी, काहीतरी लावून लख्ख घासले जातात. काळवंडलेलं नाणं देवापुढे कसं ठेवायचं, हा आईचा सवाल, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण राखेचा कण राणीच्या गालावर ओरखडा काढतोच. घासलेली चांदी पुढं पुन्हा रंगते, कधी तर जास्तच भडक रंगते. भिंगाखाली धरलं की रंगाच्या तळाशी बारीक समांतर रेघा दिसतात. असं नाणं संग्राहक टाळतो. म्हणून देव्हाऱ्यातला रुपया देव्हाऱ्यातच राहू द्या, तो संग्रहात ओढायचा नाही. माळेसाठी कडी जोडलेल्या रुपयांचंही तेच. डाग दिलेली कडी काढली तरी खूण जात नाही.

मग न घासलेली नाणी राहिली कुठं? जिथं लोक ठेवून विसरले तिथं. पेटीच्या चोरकप्प्यात, लोकरी कापडाच्या बटव्यात, जमाखर्चाच्या वहीत दडवलेल्या कागदी पाकिटात. जुना कागद, पुठ्ठा, लोकर या सगळ्यात थोडंफार गंधक असतं आणि ते सावकाश काम करत राहतं. रुपयांची गड्डी कागदात गुंडाळलेली असेल, तर टोकाच्या दोन नाण्यांची बाहेरची बाजू रंगते आणि मधले पांढरेच राहतात. एक नाणं दुसऱ्यावर अर्धवट टेकलं असेल, तर चंद्रकोरीसारखा पट्टा उठतो. पाकिटातल्या नाण्याला कडेकडून आत रंग चढतो. अशा रंगाला हकिकत असते. रुपया कसा ठेवला होता हे त्याच्याकडे बघून सांगता येतं, आणि मला या नादातली खरी गोडी तीच वाटते.

बनवलेल्या रंगाला हकिकत नसते. तव्यावर तापवून, उकडलेल्या अंड्याबरोबर डब्यात कोंडून किंवा गंधकाची रसायनं लावून रंग आणणारे भरपूर आहेत. अंड्याचा प्रकार तर रसायनशास्त्राच्या दृष्टीनं खोटाही नाही, तोच वायू, तोच थर. फरक घाईचा. घाईत निळा थेट पांढऱ्याला भिडतो, मधले सोनेरी-तांबूस टप्पे गायब असतात. रंग अक्षरांच्या कडा न पाळता वरून ओतल्यासारखा पसरतो, ओरखड्यांच्या आतही तितकाच ताजा दिसतो. आणि सगळ्यात सोपी खूण: राजाचा कान झिजून सपाट झालाय, दाढी दिसत नाही, पण रंग मात्र मोरपिशी. हातोहात फिरलेला रुपया सहसा असा रंगत नाही. त्याच्या खोलगट भागात करडा साका बसतो आणि उंच भाग घासून उजळ राहतात. न वापरलेलं नाणं उजेडात तिरकं करून फिरवलं, तर झळाळीचा पट्टा रंगाखालून गोल फिरतो. पट्टा फिरत नसेल तर रंग कितीही देखणा असो, मी हात लावत नाही.

म्हणून करडी नाणी आधी. दहा-बारा प्रामाणिक करडे रुपये हाताखालून गेले की खोटा रंग डोळ्याला आपोआप टोचतो. आणि खिशालाही ते बरं. राणीछाप, एडवर्ड आणि पंचम जॉर्जच्या रुपयाचं वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे एक तोळा, त्यात चांदी 91.7 टक्के. सराफाला त्या दिवसाचा एका ग्रॅमचा भाव विचारा, 10.69 नं गुणा. येईल ती चांदीची किंमत. त्यावर विक्रेता जे मागतो ते नाण्याचे आणि रंगाचे पैसे. हा हिशेब डोक्यात असला की घासाघीस सोपी जाते. 1940 ते 1945 मधल्या सहाव्या जॉर्जच्या रुपयात मात्र चांदी निम्मीच आहे, बाकी बहुतेक तांबं. युद्धाची काटकसर. ते वेगळेच रंगतात, मळकट तपकिरीकडे झुकतात. 1947 मध्ये तर रुपया निकेलचा झाला, तिथं चांदीचे रंग शोधायचेच नाहीत.

सुरुवातीला मी 1918 चा रुपया सुचवतो. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीची टंचाई झाली, तेव्हा अमेरिकेनं 1918 च्या पिटमन कायद्याखाली 27 कोटींवर चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी इंग्रजांना इकडच्या नाण्यांसाठी विकली. तेव्हाचे रुपये अमाप पडले, म्हणून आजही परवडतात. 1911 च्या डुक्करछाप रुपयाच्या मागे लगेच लागू नका. राजाच्या गळ्यातल्या साखळीवरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला, गदारोळ झाला आणि 1912 पासून हत्तीचं चित्र सुधारलं. गोष्ट मजेची आहे, पण गोष्टीपायी भाव चढतो. आपल्याकडे गोव्याच्या सोयरिकीतून पोर्तुगीज लुईश राजाचे 1881-82 चे रुपयेही येतात. वजन तेच, चांदी तीच, आणि इंग्रजी रुपयाशेजारी ठेवून रंग ताडून बघायला छान.

शेतात नांगराखाली गाडगं सापडलं असलं कुणी सांगितलं तर लांब राहा. 1878 च्या कायद्यानुसार तसल्या धनाची वर्दी सरकारला द्यावी लागते.

राहिलं सांभाळणं. खानापूर, जांबोटीकडचा पाऊस ज्याला माहीत आहे त्याला दमट हवेबद्दल मी काय सांगणार! नाणी घट्ट झाकणाच्या प्लास्टिक कॅप्सूलमध्ये ठेवा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जून ते सप्टेंबर उगाच उघडझाक करू नका. मऊ, वास मारणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांपासून दूर राहा, त्यातून हिरवा चिकटा सुटतो. तो चिकटा शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणं बुडवून निघतो. न घासता, खिडकी उघडी ठेवून आणि विस्तवापासून लांब बसून हे करायचं. ॲसिटोननं टोनिंगला काही होत नाही. चांदी उजळायच्या द्रावणात बुडवलंत तर मात्र थरासोबत वरची चांदीही जाते, आणि दोन-तीनदा तसं केलं की झळाळीचा पट्टा कायमचा गेला. रबरबँड तर कधीच नको. रबरात गंधक असतं आणि एका पावसाळ्यातही राजाच्या नाकावरून काळी रेघ जाऊ शकते.