सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी पण...

मागच्या मार्चमध्ये माझा मावसभाऊ हार्ट अटॅकने गेला, 39 वर्षांचा, रोज जिमला जाणारा. दिवस झाले, मी परत कामावर जायला लागले (अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते), रडायलाही फारसं आलं नाही. आणि एप्रिलात भर दुपारी सात रस्त्याच्या सिग्नलला स्कूटीवरच छातीत धडधड सुरू झाली ती थांबेचना. बोटांना मुंग्या, ओठ बधिर, घसा आवळल्यासारखा, आणि डोक्यात एकच, झालं, आता आपला नंबर. कशीबशी रसाच्या गाड्याजवळ थांबले, तिथल्या काकांनी तोंडावर पाणी मारलं, "ताई घाबरू नका, होतंय उन्हात असं" म्हणत रिक्षात बसवून दिलं. ईसीजी काढेपर्यंत धडधड निम्मी झालेली. रिपोर्ट नॉर्मल, ऊन लागलं असेल म्हणाले. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये काहीही झालं की उन्हावरच जातं, मीही मान डोलावली.

चार दिवसांनी रात्री दोन वाजता परत. आता अंथरुणात कुठलं ऊन?

पुढचं सांगायला लाज वाटते. टूडी इको, ट्रेडमिल टेस्ट, थायरॉइड, सोनोग्राफी. रिपोर्ट हातात आला की दोन दिवस बरं वाटायचं, मग वाटायचं मशीनच खराब असेल. कोरोनातला ऑक्सिमीटर कपाटातून काढला, दिवसातून तीस-चाळीस वेळा बोटाला लावायचे, भाकरी थापता थापता हात धुऊन पण. रात्री गूगलवर वाचलेलं सकाळी अंगात. स्कूटी बंद, लिफ्ट बंद, घरात एकटीनं थांबणं बंद. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली (खरं सांगू, त्या रात्री झोप लागली). नवरा आधी वैतागला, मग घाबरला.

शेवटी मैत्रिणीने टेली मानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) 14416 नंबर दिला. फुकट आहे, मराठीत बोलतात. तिथल्या ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा म्हणाल्या. घरात "वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला" झालंच, ते सोडा.

डॉक्टरांनी आधी माझी जाडजूड फाईल नीट बघितली. म्हणाले, हा हार्ट अटॅक नाही, पॅनिक अटॅक आहे, म्हणजे अचानक येणारा भीतीचा झटका. भरभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मुंग्या आणि चक्कर त्यानेच येते. आणि मी तर ऑक्सिजन कमी पडतोय समजून अजून जोरात ओढत होते! पॅनिक अटॅक बहुतेक दहाएक मिनिटांत टोकाला जातो, मग आपोआप उतरतो. मला कारखान्यातला माग आठवला, धागा तुटला की आपोआप बंद पडतो, माझा धागा न तुटताच बंद पडत होता. रोजची गोळी सुरू झाली, गुण यायला काही आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात तर उलट जास्तच घाबरल्यासारखं झालं, पण त्यांनी आधीच सांगितलेलं म्हणून सोडली नाही.

खरा त्रास समुपदेशनाच्या मॅडमनी दिला. धडधडीची भीती मोडावी म्हणून जिने पळत चढायला लावले, समोर बसवून मिनिटभर मुद्दाम भरभर श्वास घ्यायला लावला, तीच धडधड, त्याच मुंग्या, आणि बाई शांतपणे घड्याळ बघतायत! ऑक्सिमीटर आधी दिवसातून दहा वेळा, मग तीन, मग बंद. "मला काही होणार नाही ना?" विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, हा नवऱ्याचा होमवर्क. त्यावरून दोनदा भांडलो आम्ही, एकदा तर जेवले नाही मी. (पहिल्यांदा छातीत दुखलं तर ईसीजी काढाच हं, मी दहाव्या ईसीजीबद्दल बोलतेय.)

जानेवारीत गड्डा, आमच्या सिद्धेश्वराची जत्रा. होम मैदानावर मुंगीला जागा नाही, लेकीला पाळण्यात बसायचंय, आणि तिकिटाच्या रांगेत ती धडधड आलीच. पाय घराकडे निघाले होते. लेकीला नवऱ्याजवळ दिलं आणि बांबूला धरून तिथेच उभी राहिले, घामाघूम, श्वास हळूहळू सोडत. सुटायला पंधराएक मिनिटं लागली असतील, तोवर बाईसाहेब दोनदा पाळण्यात बसून आल्या आणि आता भेळ पाहिजे म्हणून हात ओढायला लागल्या.

गोळी चालू आहे, डॉक्टर हळूहळू कमी करतायत. महिन्यातून एखाद्या वेळी धडधडतं अजून. ऑक्सिमीटर टाकून दिला नाही, पण त्याचे सेल टीव्हीच्या रिमोटला घातलेत.