चोर्ल्याच्या रस्त्यासाठी गाडीला फॉग लॅम्प बसवून घेतले, त्याचा अनुभव

बेळगावातून जांबोटीकडे रात्री निघालं की पिरनवाडीपर्यंत काही वाटत नाही. दुकानांचा उजेड असतो, रस्त्यावरचे खांब असतात. किणये मागे पडलं की सगळा भरवसा आपल्या दोन हेडलाइटांवर. कुसमळीचा पूल, जांबोटी, मग कणकुंबी आणि चोर्ला घाट. हा पट्टा पावसाळ्यात धुक्यात बुडालेला असतो. मी उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या पाळीला कामाला आहे आणि घर जांबोटीच्या अलीकडच्या गावात, त्यामुळे हा रस्ता मला रात्रीच जास्त ठाऊक. सासुरवाडी चंदगड भागात. तिकडचा शिनोळी, पाटणे फाट्याचा रस्ता वेगळ्याच कारणाने त्रास देतो, ते पुढे सांगतो.

गाडी साधी हॅचबॅक, खालचं मॉडेल. बंपरमध्ये फॉग लॅम्पच्या जागी काळी प्लास्टिकची झाकणं. गेल्या पावसाळ्यात कणकुंबीच्या पुढे असं धुकं लागलं की अप्पर (लांबचा झोत) मारला तर समोर पांढरी भिंत, आणि डिपरवर (खालच्या झोतावर) घेतलं तर रस्त्याची डावी कडाच सापडेना. पोरं मागच्या सीटवर झोपलेली होती. त्याच आठवड्यात ठरवलं की दिव्यांचं काहीतरी करायचं.

पहिल्या दुकानात गेलो तिथे त्यांनी सरळ एलईडी बार काढून काउंटरवर ठेवला. ग्रिलवर बसवा, रात्रीचा दिवस होतो, म्हणाले. मी नको म्हटलं, आणि त्यामागे माझी ठाम कारणं आहेत. जांबोटीचा रस्ता दुपदरी, मध्ये दुभाजक नाही. समोरून येणाऱ्याला क्षणभर जरी काही दिसलं नाही तर तो माझ्याच अंगावर येणार. दुसरं, कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १११ सांगतो की नोंदणी प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीशिवाय गाडीच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायचा नाही. त्याआधीचा नियम १०६ उजेडाचा झोत कायम खाली वळलेला किंवा चालकाला खाली वळवता येणारा हवा असं सांगतो, इतका की ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत तो माणूस दिपणार नाही. २०२४ च्या जुलैपासून कर्नाटक पोलिसांनी डोळे दिपवणाऱ्या दिव्यांविरुद्ध राज्यभर मोहीम घेतली तेव्हा असे बार काढायला लावले, दंडही केले. आणि बार लावायला म्हणून पुढे लोखंडी बुलबार (बंपरपुढचा जाड नळ्यांचा सांगाडा) बसवणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. त्यावर तर केंद्राने २०१७ लाच राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे.

धुक्यात बारचा उपयोगही नाही. धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. त्यांच्यावर जितका जोरात आणि जितक्या उंचावरून उजेड टाकाल तितका तो उलटून आपल्याच डोळ्यांत येतो. म्हणून फॉग लॅम्प बंपरमध्ये खाली असतो आणि त्याचा झोत पसरट, वरून सुरीने कापल्यासारखा सपाट असतो. चालकाची नजर वर आणि उजेड खाली, या अंतरातच सगळी गंमत आहे.

तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ एक वायरिंगवाले मेस्त्री आहेत. वय झालेलं, पण ट्रक-बसच्या वायरिंगमध्ये आयुष्य गेलेला माणूस. मी फॉग लॅम्प म्हटल्यावर त्यांनी आधी गाडीचं बॉनेट उघडायला लावलं.

‘‘आधी हाय ते दिवे नीट करूया की. नवीन बसवून काय, ह्येच मेल्यात बघ.’’

इंजिन चालू ठेवून त्यांनी बॅटरीवर मीटर लावला, मग हेडलाइटच्या होल्डरमागे. बॅटरीवर चौदाच्या वर व्होल्ट, होल्डरवर पोहोचेपर्यंत साडेबाराच्या आसपास. मधले दीड व्होल्ट बारीक वायर, स्टिअरिंगखालचा स्विच आणि गंजलेली अर्थिंग यांनी खाल्ले होते. हॅलोजन बल्बचं गणित असं की व्होल्टेज दहा टक्के घसरलं तर उजेड जवळजवळ तीस टक्के घसरतो. म्हणजे कंपनीचे ६०/५५ वॅटचे बल्ब होते ते ठीक होते, त्यांना पुरेसं खायलाच मिळत नव्हतं. मेस्त्रींनी हेडलाइटसाठी रिलेचं तयार वायरिंग किट टाकलं. रिले म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. यात बॅटरीपासून जाड वायर फ्यूजमधून थेट रिलेकडे आणि तिथून बल्बकडे जाते. जुना स्विच फक्त रिलेला इशारा देतो, सगळा करंट त्याच्या अंगावरून जात नाही. अर्थिंगचा स्क्रू काढून खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला आणि वर ग्रीस लावलं. आमच्या पावसात हे फार गरजेचं.

मग हेडलाइटच्या काचा. काच म्हणतो आपण, पण ते पॉलिकार्बोनेट असतं आणि काही वर्षं उन्हात राहिलं की पिवळं, धुरकट होतं. हे काम मी घरीच केलं. भोवतीच्या रंगावर चिकटपट्टी लावून ८०० नंबरच्या वॉटर पेपरपासून सुरुवात, मग १०००, मग २०००, सतत पाणी मारत, आणि शेवटी पॉलिशिंग पेस्ट. पहिल्या पेपरनंतर काच अशी दुधाळ दिसते की जीव घाबरतो, पण दोन हजारच्या पेपरपासून ती उघडायला लागते. वरून अतिनील किरणं अडवणारा क्लिअर कोट मारला. तो मारला नाही तर वर्षभरात पुन्हा पिवळी पडते.

एवढ्यावरच अर्धं काम झालं होतं, हे मला मनापासून सांगायचं आहे. ज्यांना दिव्यांवर खर्च करायचा आहे त्यांनी पहिले पैसे इथे घालावेत.

‘हॅलोजन काढून एलईडी बल्बच टाक’ असं पाळीवरच्या मित्रांनी सुचवलं होतं. मेस्त्रींनी हेडलाइटचा एक जुना एच-फोर हॅलोजन बल्ब माझ्या हातात दिला आणि आत बघायला सांगितलं. त्यात पेटणाऱ्या दोन तारा असतात, एक अप्परची, एक डिपरची. डिपरच्या तारेखाली नखाएवढी पत्र्याची वाटी असते. ती वाटी खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून डिपरचा झोत वर जात नाही. मागचा रिफ्लेक्टर त्या तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. एलईडी बल्बमधल्या चिप्स चपट्या पट्टीच्या दोन बाजूंना असतात, जागा थोडी जरी इकडे-तिकडे झाली तरी उजेड चारी दिशांना फाकतो. चालवणाऱ्याला गाडीपुढचा तुकडा लख्ख दिसतो, लांबचं मात्र कमी दिसतं, आणि समोरचा आंधळा होतो. आपल्या रस्त्यावर असे दिवे घेऊन येणारे रोज भेटतात. त्यांचा मला राग येतो, कारण त्यांच्यामागे सायकलवर कोणी येत असेल तर तो मला दिसतच नाही.

फॉग लॅम्प घेताना मी बंपरच्या खाचेत बसणारेच घेतले, ५५ वॅटचे हॅलोजन, पुढे खरी काच, सोबत ब्रॅकेट आणि जाळीसकट नवी झाकणं. त्यामुळे बंपर कुठेही कापावा लागला नाही. रंगाचा प्रश्न होता. भारतात पुढचा फॉग लॅम्प पांढरा किंवा पिवळा चालतो. पिवळा उजेड धुकं भेदून जातो असं सगळे म्हणतात, पण धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की त्यांना रंगाचा फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो डोळ्यांना. निळसर भाग गाळला गेल्यामुळे डोळे कमी शिणतात. मी पिवळे घेतले आणि घाटात तासभर गाडी चालवल्यावर तो फरक मला जाणवतो.

बसवण्याचं काम मी शेजारी उभं राहून बघितलं. दोन दिवे मिळून ११० वॅट, म्हणजे बारा व्होल्टवर साधारण ९ ॲम्पिअर. त्यासाठी १५ ॲम्पिअरचा फ्यूज, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच. वायर अडीच चौरस मिलिमीटरची. रिलेला चार पाय, त्यावर आकडे कोरलेले असतात: ३० वर बॅटरीकडून, ८७ वरून दिव्याकडे, ८५ अर्थ आणि ८६ स्विचकडून. स्विचचा पुरवठा पार्किंग लाइटवरून घेतला, म्हणजे गाडीचे दिवे बंद केले की फॉग लॅम्पही आपोआप बंद. बॅटरी उतरायची भीती नाही. कंपनीची एकही वायर सोलली नाही, सगळीकडे कपलर, म्हणजे खटकन बसणारे जोड. रिलेचं तोंड खाली ठेवलं, आत पाणी साठू नये म्हणून. वायर बॉनेटच्या कडेने लवचीक नळीतून नेली आणि जिथे पत्र्यातून आत जाते तिथे रबरी ग्रोमेट (कडेने वायर कापू नये म्हणून रबराची कडी) बसवलं. उंदरांचा त्रास असणाऱ्यांनी तर नळी घालायलाच हवी. दिवे, किट आणि मजुरी मिळून चार हजारांच्या आत भागलं.

फोकस सेट करणं मात्र बहुतेक ठिकाणी कोणी करत नाही. दिवा पेटला की झालं काम. आम्ही गाडी कारखान्याच्या शेडच्या भिंतीपासून साडेसात मीटरवर सपाट जागेत उभी केली. टायरची हवा बरोबर, पेट्रोल अर्धी टाकी, चालकाच्या जागी मी बसलेला. दिव्याच्या मध्याची उंची ४० सेंटीमीटर भरली. तेवढ्या उंचीवर भिंतीवर खडूने रेघ मारली, त्याखाली १० सेंटीमीटरवर दुसरी. एका दिव्यावर पोतं टाकून दुसऱ्याच्या झोताची वरची कड खालच्या रेघेवर आणायची, मग उलट. साडेसात मीटरला १० सेंटीमीटर उतार म्हणजे झोत गाडीपुढे ३० मीटरवर रस्त्याला टेकतो. याचा दुसरा अर्थही लक्षात ठेवायला हवा. ओल्या रस्त्यावर ताशी ४० च्या वेगात गाडी थांबायला, भान यायचा दीड सेकंद धरून, जवळजवळ ३० मीटरच लागतात. म्हणून धुक्यात फॉग लॅम्पच्या भरवशावर मी चाळीसच्या पुढे जात नाही.

प्रत्यक्षात फरक कसा पडला? घाटात डाव्या बाजूची पांढरी पट्टी आणि गटाराची कड आता सलग दिसते. वळणावर हेडलाइट दरीकडे बघत असतात तेव्हा फॉग लॅम्पचा पसरट उजेड वळणाच्या आतल्या बाजूला पडलेला असतो. जांबोटी-कणकुंबीच्या मध्ये एकदा रस्त्याच्या कडेला गवा उभा होता. गव्याचं अंग इतकं काळं की अप्परमध्येसुद्धा अंधारात मिसळून जातं, पण गुडघ्याखाली चारही पाय पांढरे असतात. खालच्या उजेडात आधी ते चार पाय दिसले, मग वरचं धूड. गाडी थांबवली, दिवे डिपरवर ठेवले, हॉर्न दिला नाही. तो सावकाश रानात उतरला.

धुकं किंवा मुसळधार पाऊस नसेल तेव्हा मी फॉग लॅम्प बंद ठेवतो. कोरड्या स्वच्छ रात्री जवळचा रस्ता फार उजळला तर डोळे तिथेच खिळतात आणि लांबचं दिसेनासं होतं.

कागदपत्रांचंही थोडं सांगतो. वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा, बाहेरचं वायरिंग दिसलं की ते हात वर करतात. विम्यात इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज म्हणून नोंद करून घेता येते, किमतीच्या चार टक्के जादा हप्ता पडतो. मी नूतनीकरणाच्या वेळी बिल जोडून ती करून घेतली.

आता चंदगडच्या रस्त्याचं. गाळप हंगाम सुरू झाला की बाचीपासून पुढे ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या उसाने भरून चाललेल्या असतात. ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, मागे दिवा नाही, असला तर वाड्याखाली, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्याखाली, झाकलेला. समोरून गाडी येत असताना आपण डिपरवर, आणि अचानक पुढे ट्रॉली. इथे माझे फॉग लॅम्प अपुरे पडतात, ३० मीटरच्या आत ट्रॉली दिसून साठच्या वेगात काही होत नाही. तिथे ट्रॉलीनेच उजेड परत फेकायला हवा. माझ्या मेहुण्याच्या दोन ट्रॉल्या आहेत. दसऱ्याला सासुरवाडीला गेलो तेव्हा परावर्तक टेपचे रोल घेऊन गेलो: मागे लाल, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी. ट्रॉलीचा पत्रा आधी डिझेलने आणि मग साबणाने धुतला, कोरडा केला, कारण मळीवर टेप टिकत नाही. मागची लाल पट्टी फाळक्याऐवजी (ट्रॉलीच्या मागच्या झडपेऐवजी) खाली चॅसिसच्या आडव्या पट्टीवर लावली, ऊस लोंबला तरी झाकली जाऊ नये म्हणून. रात्री मेहुण्याला माझ्या गाडीत बसवून बांधावरून डिपर टाकून दाखवलं. त्याने दुसऱ्या दिवशी भावकीतल्या ट्रॉल्यांसाठी आणखी रोल मागवले, आता फक्त टेपचा तुटवडा आहे, ती टेप मी बेळगावातून पाठवतो.