उणे 20 मधलं हवाई आणि भेंडीचे ठसे

मिनेसोटात फेब्रुवारी म्हणजे काय असतं ते तिकडे बसून नाही कळायचं. उणे 20. दारापासून गाडीपर्यंत गेलं तरी नाकातले केस कडक होतात, खरंच, फेकत नाहीये. आणि आमच्या कन्यारत्नाचा बड्डे नेमका याच महिन्यात, त्यामुळे दरवर्षी बंद हॉल, पिझ्झा, केक, चला घरी. यंदा बाईसाहेबांनी जाहीर केलं की नववा बड्डे हवाई बेटांच्या थीमचा पाहिजे. इथे ते फॅड आहेच, थंडीला वैतागलेली माणसं हीटर वाढवतात आणि फुलाफुलांचे शर्ट घालून नाचतात, आम्हीच मागे राहिलो होतो.

दुकानात तयार आमंत्रणं बघितली तर सगळं एकच. डोळे वटारलेले टिकीचे, म्हणजे लाकडी मूर्तींसारखे मुखवटे, नारळाच्या करवंट्यांच्या चोळ्या घातलेल्या बाया, चकचकीत प्लास्टिक. नवऱ्याला म्हटलं, घरीच करू. पहिला प्रयोग नेहमीचाच, कागद चहाच्या पाण्यात बुडवायचा, वाळला की कडा मेणबत्तीवर जाळायच्या, गुंडाळी करून बाटलीत. दुसऱ्याच कागदाला स्मोक अलार्म बोंबलायला लागला, मी पंचा घेऊन उड्या मारतेय, लेक हसून लोळतेय. ते प्रकरण तिथेच मिटलं.

आमच्या समोरच्या घरात एक आजी लेकीकडे राहतात, मूळच्या हवाईतल्या हिलो गावच्या. त्यांना कौतुकाने माझं दुसरं डिझाइन दाखवायला नेलं, टिकी आणि गवती स्कर्टवालं. त्या हसल्या, पण ते हसू आपल्याकडे कुणी गोऱ्याने दिवाळीच्या कार्डावर पिरॅमिड काढला तर आपण हसू तसं होतं. म्हणे टिकी हा आमचा शब्दच नाही, आम्ही किइ म्हणतो, आणि त्या देवांच्या मूर्ती आहेत. गवती स्कर्ट तर 19 व्या शतकात पॅसिफिकमधल्याच गिल्बर्ट बेटांवरून आला, आमच्याकडे टी नावाच्या झाडाची पानं नेसायचे नाहीतर कापा, म्हणजे झाडाच्या सालीचं कापड. मी मान खाली घालून डिझाइन परत पर्समध्ये.

मग विचारलं, चाफा तरी तुमचा ना? तोही बाहेरचा निघाला! 1860 मध्ये हिलेब्रँड नावाच्या डॉक्टरने आणून लावला. पण त्याच्या माळा, लेइ, आता इतक्या त्यांच्या झाल्यात की त्याबद्दल आजींची काही तक्रार नाही. 1 मे ला तिकडे लेइ डे असतो, 1928 पासून. म्हणजे आपण झेंडावंदनाला उभे असतो त्या दिवशी तिकडे अख्खं राज्य गळ्यात हार घालून फिरतं, मला हे भारीच आवडलं. लेइ दिला की नाही म्हणायचं नाही आणि नंतर कचऱ्यात टाकायचा नाही, हे मात्र त्यांनी बजावून सांगितलं. आपल्याकडे निर्माल्य केराच्या टोपलीत टाकलं तर आजी काय करेल, तसंच.

खरी गंमत पुढे. हवाईच्या पार्टीला इथे लूआउ म्हणतात ना, तर लूआउ म्हणजे चक्क अळूचं कोवळं पान. नारळाच्या दुधात शिजवून शिजवून मऊ करतात, नीट शिजलं नाही तर घसा खाजतो. मी उडालेच, अहो हे तर आमचं फदफदं! त्या पदार्थावरून पुढे जेवणावळीलाच लूआउ म्हणायला लागले, त्याआधीचा शब्द वेगळा होता. मग आमंत्रणावर टिकी कशाला, अळूचंच पान काढू, ठरलं.

कापावर बांबू कोरून केलेल्या ठशांनी नक्षी काढतात, त्रिकोण, रेघा, असं. माझ्या घरात बांबू कुठला, पण शाळेत भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे आपण सगळ्यांनीच केलेत. त्रिकोण बटाट्याचे आणि फुलं भेंडीची. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल मिळतं, आणि भेंडी मुळात जास्वंदीच्याच कुळातली, पिवळी जास्वंद हे हवाईचं राज्यफूल, म्हणजे अगदीच काही ओढूनताणून नाही. भेंडी जूनच घ्या, कोवळी दाबली की फिस्कटते. कापून अर्धा तास टिश्यूवर पालथी ठेवा नाहीतर रंगाला तार सुटते. आणि रंग भेंडीला फासायचा नाही, स्पंजला लावायचा आणि त्यावर भेंडी टेकवायची. पहिला ठसा चिखल येतो, दुसरा तिसरा छान येतो. आम्ही 35 कार्डं केली, शेवटच्या दहांवर लेकीच्या अंगठ्याचे ठसेही आहेत, फुकट.

वर्गातल्या पोरांना मजकूर इंग्लिशमध्ये, पण मंडळातल्या लोकांसाठी मी हौसेने लिहिलं, "आमचे येथे श्रीकृपेकरून लूआउ योजिला आहे, तरी हीटरसमोर येऊन शोभा वाढवावी." खाली धाकट्याकडून, "आमच्या ताईच्या बड्डेला यायचं हं!" आणि आहेर म्हणून कृपया बर्फ आणू नये. हवाई हे नाव इंग्लिशमध्ये लिहिताना मधे उलट्या स्वल्पविरामासारखी खूण येते ना, ती ओकिना, तेही अक्षरच, ते धरून त्यांची अक्षरं फक्त 13. मी ती विसरले होते, आजींनी पेन घेऊन 35 कार्डांवर स्वतः टाकली.

लेकीला मधेच नारळ पाठवायचे होते, कारण हवाईतल्या मोलोकाइ बेटावरच्या एका पोस्टातून नारळावर थेट पत्ता लिहून पाठवता येतो असं तिने कुठेतरी वाचलं (खरं आहे ते). तिला पाकिटांवर आणलं कसंबसं. मी हौसेने चौरस पाकिटं घेतली आणि तिथे फसले, चौरस पाकीट पोस्टाच्या मशीनमधून जात नाही, प्रत्येकाला जास्तीचं तिकीट. चूक माझीच, आधी विचारायला हवं होतं.

एक कार्ड सांगलीला आईलाही पाठवलं, पार्टी होऊन दोन आठवड्यांनी पोचलं. व्हिडिओ कॉलवर चष्मा लावून उलटसुलट बघितलं, अळूचं पान लगेच ओळखलं. मग म्हणाली, "फुलं छान आलीत, कशाची गं?" म्हटलं भेंडीची. "अगं मग उरलेल्या भेंडीचं काय केलंस? रंग लागलेली टाकलीस ना?"

दीड किलो होती, पण मी तिला पावच सांगितली.