दिसला नाही, हीसुद्धा नोंद

शाळेला पन्नास वर्षं झाली, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा वर्गमैत्रिणीचा फोन आला आणि डोळ्यांपुढे उभी राहिली ती प्रयोगशाळेच्या लोखंडी कपाटातली लांबट वही. लाल कापडी बांधणीची, किराणा दुकानात उधारी मांडायला असते तशी. पुढून उघडली की पावसाच्या नोंदी, उलटी धरून मागून उघडली की आकाशाच्या. आम्ही सगळे तिला ‘सरांची चोपडी’ म्हणायचो.

आठवीत असताना पर्जन्यमापक माझ्याकडे होता. रोज सकाळी साडेआठला मैदानाच्या कडेला जायचं, बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतायचं, मिलिमीटर वाचायचे आणि चोपडीत उतरवायचे. सोलापूर जिल्ह्यातला आपला कमी पावसाचा तालुका, ऐन जुलैतही आठ-आठ दिवस थेंब नसायचा. अशा एका आठवड्याचे रकाने मी कोरेच सोडले. सरांनी पान उघडलं, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “हे कोरं आहे ते काय समजायचं? पाऊस पडला नाही, की तू गेली नाहीस?” मी म्हटलं, “सर, पाऊस नव्हता.” “मग शून्य लिही. आणि ज्या दिवशी गेली नसशील, त्या दिवशी ‘पाहिलं नाही’ असं लिही. या दोन गोष्टी एक नव्हेत, पोरी.”

मी रोज गेले होते का, हे त्यांनी विचारलं नाही. खरं तर त्यातले दोन दिवस मी गेले नव्हते. ते दोन रकाने ‘पाहिलं नाही’ म्हणून मी भरले, तेव्हा सर शेजारीच उभे होते. त्यांनी फक्त टाक पुसून परत घेतला.

पुढच्या वर्षी, मार्च १९८६ मध्ये, हॅलेचा धूमकेतू आला. परीक्षा तोंडावर असतानाही सरांनी आम्हा वीस-बावीस जणांना पहाटे चार वाजता मैदानावर बोलावलं. प्रत्येकाच्या हातात पॅड, कागद आणि शिसपेन्सिल. बोलायचं नाही, दुसऱ्याच्या कागदात पाहायचं नाही, जे दिसेल ते काढायचं. दिसला तो एक पुसट धुरकट डाग. उजाडल्यावर सरांनी कागद गोळा केले, तर चार-पाच जणांच्या कागदावर अर्ध्या आकाशाएवढी शेपटी होती. वर्तमानपत्रांत १९१० सालच्या धूमकेतूची चित्रं येत होती, त्यांतली. सर रागावले नाहीत. त्यांनी त्या मुलांना जवळ घेऊन एकच विचारलं: “हे पाहिलंत की वाचलंत?” मग सगळेच कागद, शेपटीचे आणि बिनशेपटीचे, तारीख-वेळ घालून चोपडीत चिकटवले.

ऑफ तासाला सर गोष्टी सांगायचे, त्यांतली एक माझ्या मनात घर करून राहिली. बंगालमधल्या जेसोरचे राधागोविंद चंद्र. प्रवेश परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झालेला, सरकारी खजिन्यात साधी नोकरी करणारा माणूस. जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात त्यांना एक अनोळखी तेजस्वी तारा दिसला. तो नवतारा होता, म्हणजे एकाएकी भडकून उजळलेला तारा. त्या नोंदीमुळे अमेरिकेतल्या रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या, ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या संघटनेशी त्यांचं नातं जुळलं, आणि पुढे त्या संघटनेनं आपली सहा इंची दुर्बीण जहाजानं त्यांच्याकडे पाठवून दिली. दिवसा खजिन्यातला हिशेब आणि रात्री ताऱ्यांचा, असं करत चंद्रांनी हजारोंनी नोंदी पाठवल्या. फाळणीनंतर ते भारतात आले. त्यांची दुर्बीण नंतर तामिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेत गेली. मी १९९३ साली कोषागारात कारकून म्हणून रुजू झाले, त्या दिवशी मला घरच्यांच्या आधी ही गोष्ट आठवली.

आता मूळ मुद्द्याकडे येते, कारण मला लिहायचं आहे ते २०१३ सालच्या नवताऱ्याबद्दल.

१५ ऑगस्टची सकाळ. कार्यालयातलं झेंडावंदन आटोपून घरी येते तोच पुण्याच्या एका आकाशमित्राचा मेसेज आला: ‘धनिष्ठात नवतारा. शराच्या टोकापुढे. वाढतोय.’ आदल्या दिवशी जपानमधल्या कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकानं तो टिपला होता. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजले होते तेव्हा. त्यांच्या १८ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून काढलेल्या चित्रात त्याची प्रत, म्हणजे तेजाचं माप, ६.८ होती. प्रतीचा हिशेब उलटा असतो, हे ज्यांनी सरांचा तास चुकवला त्यांच्यासाठी सांगते: आकडा जितका मोठा तितका तारा मंद. साध्या डोळ्यांची मजल अगदी काळोख्या जागी साधारण सहापर्यंत जाते. हाच तारा स्फोटाआधी सतराव्या प्रतीच्या आसपास होता, म्हणजे आपल्या शाळेच्या दुर्बिणीतूनही न दिसणारा. दोन-तीन दिवसांत तो लाख पटीहून अधिक उजळला.

नवतारा हे नावच मुळात फसवं आहे. तारा जुनाच असतो, आयुष्य संपून आक्रसलेला, आकारानं पृथ्वीएवढा आणि वस्तुमानानं सूर्याच्या तोडीचा श्वेत बटू. शेजारी त्याचा जोडीदार तारा असतो. जोडीदाराचा हायड्रोजन हळूहळू याच्या अंगावर ओढला जातो आणि थरावर थर साचतात. साधा वायू तापला की फुगतो, आणि फुगला की निवतो. इथे तळचा थर इतका दाबलेला असतो की तापला तरी फुगत नाही. शिट्टी अडकलेल्या कुकरसारखं होतं: आच वाढतच जाते, अणुप्रक्रिया भडकते आणि एका क्षणी वरचा सगळा थर उधळला जातो. खालचा तारा मात्र शाबूत राहतो आणि पुन्हा साचवायला लागतो. अतिनवताऱ्यात तसं नसतं, तिथे ताराच संपतो.

हे सगळं वाचून माहीत होतं. पाहायचं मात्र बाकी होतं, आणि श्रावणातलं आकाश! संध्याकाळपासून गच्चीवर होते. दहा बाय पन्नासची द्विनेत्री गळ्यात, नकाशा पाटावर, विजेरीला लाल जिलेटीन कागद बांधलेला. आठ, साडेआठ, नऊ, सगळं भरलेलं. नऊ चाळीसला पूर्वेकडून ढगाला भेग पडली आणि श्रवण दिसला. तिथून वर शर. शर हा इवलासा तारकासमूह आहे, पण बाणासारखा बाण आहे. त्याच्या टोकाच्या दिशेनं तेवढंच आणखी थोडं पुढे सरकलं की जिथे नकाशात काहीच नव्हतं, तिथे एक तारा होता.

मला ओरडावंसं वाटलं होतं. ओरडले नाही, कारण भेग बुजायच्या आत प्रत ठरवायची होती. ती अशी ठरवतात: ज्यांची प्रत ठाऊक आहे असे दोन तारे निवडायचे, एक नवताऱ्याहून तेजस्वी, एक मंद, आणि नवतारा दोघांच्या मध्ये नेमका कुठे बसतो ते नजरेनं तोलायचं. नकाशात प्रतीचे आकडे दशांशचिन्हाशिवाय छापतात, ५.१ ऐवजी ५१, कारण टिंब छापलं तर तोच तारा समजून माणूस फसेल. शरातल्या ५१ च्या ताऱ्यापेक्षा तो किंचित मंद वाटला, पुढच्या मंद ताऱ्यापेक्षा स्पष्ट उजळ. वहीत लिहिलं: ‘२१.४२. प्रत ५.३. विरळ ढग, चंद्र आहे.’ मिनिटभरात भेग मिटली.

रात्री उशिरा मी ती नोंद त्या अमेरिकन संघटनेकडे पाठवली, जिच्याकडे चंद्र नोंदी पाठवायचे तिच्याकडेच. सकाळी प्रकाशवक्र, म्हणजे ताऱ्याचं तेज वेळेनुसार कसं बदललं त्याचा आलेख, उघडला. जगभरच्या निरीक्षकांचे ठिपके चढत चढत वर गेलेले, आणि माझा एकटीचा ठिपका त्या चढणीच्या खाली, वेगळा पडलेला. त्या वेळेला इतरांनी तारा माझ्यापेक्षा कितीतरी उजळ पाहिला होता. पोटात गोळा आला. पहिला विचार काय आला असेल? की आपले डोळे चुकले, आकडा वाढवून टाकावा. हात कळफलकावर गेलासुद्धा होता.

मग वही काढली. वहीत २१.४२ लिहिलं होतं आणि मी फॉर्ममध्येही २१.४२ च भरलं होतं. तिथे हवी होती जागतिक वेळ. आपली वेळ साडेपाच तासांनी पुढे, म्हणजे १६.१२ हवं होतं. ज्युलियन दिनांकात, म्हणजे निरीक्षक दिवस सलग आकड्यांत मोजतात त्यात, म्हणायचं तर २४५६५२०.४०४ च्या जागी २४५६५२०.१७५. एरवी साडेपाच तासांनी काही बिघडलं नसतं, पण तारा त्या दिवशी तासातासाला चढत होता. वेळ दुरुस्त केल्यावर माझा ठिपका डावीकडे सरकला आणि चढणीवर जाऊन बसला. प्रत ५.३ च राहिली. मी तो आकडा बदलला असता, तर कुणालाही कधी कळलं नसतं.

१६ ऑगस्टला तारा शिखरावर होता, साधारण ४.३, नुसत्या डोळ्यांनी दिसण्याजोगा. त्या रात्री सोलापुरात ढग हलले नाहीत. दीड वाजेपर्यंत बसले होते. वहीत आहे: ‘ढग. पाहता आलं नाही.’ १७ तारखेला दिसला तेव्हा ४.७, म्हणजे उतरणीला लागलेला. पुढे नारळी पौर्णिमेचा चंद्र आडवा आला, मग पुन्हा पाऊस. महिनाभरात माझ्या एकूण अकरा नोंदी झाल्या.

गणपतीसाठी गावी गेले ती द्विनेत्री घेऊनच. सर तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे, दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. मंडपाची रोषणाई टाळून आम्ही शाळेच्या मैदानावर गेलो, पर्जन्यमापकाची जागा होती तिथे. मी सांगायला लागले, “सर, परवा मला…” तर त्यांनी हात वर केला. “आकडा सांगू नकोस. नकाशा दे.” भिंतीला पाठ टेकून, कोपर गुडघ्यांवर रोवून ते कितीतरी वेळ पाहत राहिले. एकदा थेट, एकदा तिरक्या नजरेनं, मग डोळे मिटून थांबले आणि परत पाहिलं. माझी ६.४ आली, त्यांची ६.६. मी विचारलं, कोणती लिहू? “दोन्ही लिही,” सर म्हणाले, “माझ्यापुढे माझं वय लिही.”

मोठ्या वेधशाळांनी या ताऱ्यावर कितीतरी काम केलं. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवरच्या जोडदुर्बिणींनी स्फोटानंतर दिवसाभरातच तो मोजायला घेतला आणि अग्निगोल कसा फुगत गेला ते रात्रीमागून रात्र टिपलं. हवाईतल्या सुबारू दुर्बिणीला त्याच्या प्रकाशात बेरिलियम-७ सापडलं. ते अस्थिर असतं, ५३ दिवसांत निम्मं होतं आणि त्याचं लिथियम बनतं. म्हणजे नवताऱ्यात लिथियम घडतं, याचा हा थेट पुरावा. २०१५ मध्ये ही बातमी वाचल्याबरोबर सरांना फोन केला. ते म्हणाले, “कितव्या दिवशी सापडलं?” मी म्हटलं, स्फोटानंतर दीड-दोन महिन्यांत. “आपण पाहिला तेव्हाही ते होतंच की मग तिथे,” सर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातला आनंद मला अजून ऐकू येतो. या मोठ्या मंडळींना दुर्बीण वळवायला जो निरोप लागला, तो घरच्या दुर्बिणीवर बसलेल्या एका माणसाचा होता. मधल्या रात्रींचा प्रकाशवक्रही जगभरच्या गच्च्यांवरून, अंगणांतून भरला गेला. युरोपातल्या हौशी निरीक्षकांनी तर स्वतःच्या यंत्रांवर त्याचे वर्णपट शेकड्यांनी काढले.

सर २०१९ मध्ये गेले. गेल्या महिन्यात शाळेत आले होते तेव्हा कपाट उघडून पाहिलं. चोपडी आहे, कडा वाळवीनं थोड्या खाल्ल्या आहेत, धूमकेतूचे कागद पिवळे पडलेत. पावसाच्या बाजूला माझे दोन ‘पाहिलं नाही’ तसेच आहेत.

सध्या मी उत्तर मुकुट या तारकासमूहातल्या एका ताऱ्याच्या मागे आहे. तो पुन्हा पुन्हा भडकणारा नवतारा आहे, १८६६ मध्ये उजळला होता आणि नंतर १९४६ मध्ये. आता केव्हाही उजळेल, असं जाणकार म्हणतात. एरवी तो दहाव्या प्रतीचा, माझ्या द्विनेत्रीच्या टप्प्याबाहेर. भडकला तर डोळ्यांनी दिसेल. दीड वर्ष झालं, ढग नसेल त्या प्रत्येक रात्री गच्चीवर जाऊन ती जागा पाहते. शेजारची सातवीतली मुलगी हल्ली सोबत येते, विजेरी धरते आणि वेळ तीच लिहिते. कालची नोंद तिच्या अक्षरात आहे: ‘रात्री ९.१०. आकाश स्वच्छ. पाहिलं. दिसला नाही.’

— माजी विद्यार्थिनी, दहावी १९८७