माझी शेव बँकॉकला गेली

माझं अमळनेरला बी-बियाणं, खतं-औषधांचं दुकान आहे. ज्यांना या धंद्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: खरिपात कपाशीच्या बियाण्याचं टार्गेट पुरं केलं की कंपनी डीलरांना फिरायला नेते. पूर्वी गोवा असायचं, आता परदेश. आमच्या भागातले अर्धे दुकानदार थायलंड पाहून आलेत, पण त्यातल्या बऱ्याच जणांनी वेरूळ नीट पाहिलेलं नाही. मीही त्यातलाच. म्हणजे वेरूळ न पाहिलेल्यांतला. थायलंड पाहायला मी ८ जानेवारी २०२५ ला निघालो, आणि १० तारखेला अमळनेरात दुकान उघडून बसलो होतो.

आम्ही अकरा जण. पारोळा, चोपडा, धरणगाव, शिरपूर, सगळीकडचे. धुळ्याहून गाडी केली होती. कसारा घाट उतरेपर्यंत कोण कुठं झोपणार, कुणाची घोरण्याची सवय, बँकॉकला शाकाहारी कुठं मिळेल, यावर चर्चा झाल्या. माझ्याकडे जबाबदारी होती खाण्याची. दोन किलो तिखट शेव, केळीचे वेफर्स, शेंगदाण्याची चटणी. कपडे त्याच्यावर बसवले होते.

मुंबई विमानतळावर पोचलो. काउंटरवर माझ्या पुढचे सात जण बोर्डिंग पास घेऊन बाजूला झाले. माझा पासपोर्ट त्या मुलीनं उघडला, कॉम्प्युटरकडे पाहिलं, परत पासपोर्टकडे पाहिलं. मग शेजारच्या मुलीला दाखवला. दवाखान्यात रिपोर्ट वाचताना डॉक्टर असे थांबले की पोटात गोळा येतो ना, तसं झालं.

"काका, पासपोर्ट १९ जूनला संपतोय."

"हो ना. आज ८ जानेवारी आहे. आम्ही १३ ला परत."

"सहा महिने शिल्लक लागतात. तुमचे पाच महिने अकरा दिवस आहेत."

मी हसलोच. मला वाटलं, ही मुलगी नवीन आहे. तिचे साहेब आले, तेही तेच बोलले. मी परतीचं तिकीट दाखवलं, हॉटेलचं बुकिंग दाखवलं. शेवटी 'आमच्या कंपनीचा माणूस आत गेलाय, त्याच्याशी बोला' हेही म्हणून झालं. साहेब शांतपणे म्हणाले, "सर, मी तुम्हाला बसवलं तरी तिकडचे उतरवू शकतात. मग तुम्हाला परत आणायचं आमच्यावर, आणि दंडही आमच्यावर."

विमान कंपन्यांकडे टायमॅटिक नावाची एक माहिती-यादी असते. कुठल्या देशाच्या पासपोर्टवाल्याला कुठं जायला काय लागतं, ते तीत असतं. काउंटरवरची मुलगी तीच पाहत होती. तिच्याशी वाद घालून उपयोग नव्हता, ते मला वीस मिनिटं वाद घातल्यावर कळलं.

आता माझी चूक कुठं झाली ते सांगतो, कारण ती मूर्खपणाची कमी आणि हिशेबाची जास्त आहे. टूर आधी ७ डिसेंबरला ठरली होती. त्या तारखेला माझ्या पासपोर्टचे सहा महिने बारा दिवस शिल्लक होते. एजंटनं तेव्हाच पहिलं पान मागवून तपासलं, ठीक आहे म्हणाला. मग कंपनीच्या लोकांचं काहीतरी अडलं, टूर महिनाभर पुढं गेली. तिकिटं बदलली, हॉटेल बदललं, पासपोर्ट मात्र कुणी पुन्हा उघडून पाहिला नाही. भारतीयांना तेव्हा तिथं व्हिसाच लागत नव्हता. व्हिसा काढायचा असता तर अर्जातच अडकलो असतो आणि घरी बसून नुसती चिडचिड केली असती. व्हिसा नव्हता म्हणून थेट मुंबईला जाऊन अपमान करून घेतला.

बाकीच्यांना काय बोलावं सुचेना. चोपड्याचा मित्र खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काय व्हयनं, जाऊ दे." शिरपूरवाला जरा व्यवहारी. तो म्हणाला, "तू येत नई ते नई, शेव ते दे!"

मग विमानतळावर सगळ्यांसमोर बॅग उघडली. शेवेची पुडकी, वेफर्स, चटणीचा डबा, सगळं तीन बॅगांत वाटून दिलं. माझी बॅग एकदम हलकी झाली.

परतीचा रस्ता: कल्याणहून चाळीसगावपर्यंत रेल्वे, पुढे पारोळ्यामार्गे एसटी. घरी फोन केला नाही. चाळीसगावला उतरलो तेव्हा केकी मूस आठवले. शाळेत असताना सर आम्हाला त्यांचा बंगला दाखवायला घेऊन गेले होते. इंग्लंडात शिकून, जग पाहून आलेला हा फोटोग्राफर, नंतर वर्षानुवर्षं स्टेशनाजवळच्या त्या घरातच राहिला. म्हटलं, त्यांनी आधी पाहिलं आणि मग घरात बसले. आपलं उलटं.

घरी आल्यावर बायको फक्त एवढंच बोलली, "अहो, बियाण्याच्या पुडक्यावरची तारीख चष्मा लावून बघता, आणि स्वतःची?"

हे लागलं, कारण खरं होतं. बियाण्याच्या लेबलवर चाचणीची तारीख असते, तिथून नऊ महिने मुदत. एखादं पुडकं मुदतीच्या शेवटाला आलं की मी ते पुढं ठेवत नाही, परत करायला वेगळं काढतो. शेतकरी आज नेईल, पेरणी पावसावर, पाऊस लांबला तर? म्हणजे छापलेली तारीख आणि कामाची तारीख वेगळी, हे मला धंद्यात तीस वर्षं माहीत आहे. पासपोर्टला तेच लागू होतं: तुम्ही तिकडे आजारी पडलात, अडकलात, तर कागद संपलेला परदेशी माणूस त्यांना सांभाळायला नको असतो. म्हणून शेवटचे सहा महिने बऱ्याच देशांसाठी मेलेलेच धरायचे. सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशिया, व्हिएतनाम, दुबई, सगळीकडे सहा महिने. युरोपच्या शेंगेन देशांचं वेगळं: तिथून निघायच्या तारखेनंतर तीन महिने, शिवाय पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. जपान आणि ब्रिटनला मुक्कामापुरती मुदत पुरते. नेपाळला तर आपल्याला पासपोर्टच लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं. म्हणजे त्या दिवशी मी काठमांडूचं तिकीट काढलं असतं तर कुणी अडवलं नसतं!

मध्ये विमान बदलायचं असेल तर त्या मधल्या देशाचाही नियम पाहायचा. हे मला नंतर कळलं.

खरं म्हणजे मी नूतनीकरण आधीच करू शकत होतो. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून अर्ज घेतात. पण व्यापारी डोकं! नवा पासपोर्ट काढला की जुन्याचे उरलेले महिने त्यात मिळत नाहीत, नवीन दहा वर्षं काढल्या तारखेपासून सुरू. मला वाटायचं, पैसे भरलेत दहा वर्षांचे, वापरू की शेवटपर्यंत. पाच महिने वाचवायला गेलो आणि बँकॉक गेलं.

दोन दिवस मी दुकानातून उठलोच नाही. तिसऱ्या दिवशी मेहुण्यानं मळ्यात भरीत ठेवलं. जानेवारीत भरताची वांगी अशी येतात की हातात धरली तर तळवा झाकतो. पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजली, सालं काढली, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचली, वरून कांद्याची पात. पुऱ्या गरम. मोबाइलवर ग्रुपचे फोटो येत होते. एका फोटोत नऊ जण हॉटेलच्या पलंगावर मांडी घालून बसलेत आणि मधोमध वर्तमानपत्रावर माझी शेव. फोटो काढणारा दहावा. खाली लिहिलं होतं, "तुनी आठवण ई राहिनी."

फेब्रुवारीत जळगावला पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात आम्ही दोघं गेलो. माझं नूतनीकरण, बायकोचा नवा. ऑनलाइन अर्ज, छत्तीस पानी पुस्तकाचे प्रत्येकी १५०० रुपये, फोटो आणि बोटांचे ठसे तिथंच. जुना पासपोर्ट कोपरा कापून, रद्दचा शिक्का मारून हातात दिला. तो टाकायचा नाही. कुणाचा जुन्यात अमेरिकेचा चालू व्हिसा असला तर दोन्ही पुस्तकं बरोबर नेऊन तो वापरता येतो. माझ्या जुन्यात काहीच नव्हतं. दहा वर्षांत एकही शिक्का नाही, सगळी पानं कोरी करकरीत. बायकोच्या पोलीस पडताळणीला ठाण्यातून फोन आला, तेवढाच काय तो उशीर. पासपोर्ट स्पीड पोस्टानं घरी.

आता लोक दुकानात पासपोर्ट घेऊन येतात. खताची पावती करता करता मी तारीख पाहून देतो. परवा एक बाई दुबईला नवऱ्याकडे निघालेल्या. त्यांचा पासपोर्ट २०३१ पर्यंत, निर्धास्त. मी म्हटलं, मुलाचा दाखवा. लहान मुलांचा पाचच वर्षांचा असतो, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. त्याचे चार महिने उरले होते.

नोव्हेंबरमध्ये आम्ही दोघं बँकॉकला गेलो, स्वतःच्या पैशानं. १ मे २०२५ पासून थायलंडनं ऑनलाइन अरायव्हल कार्ड सक्तीचं केलंय, ते मुलीनं भरून दिलं. रांगेत तासभर उभे होतो. इमिग्रेशनच्या मुलीनं माझा करकरीत पासपोर्ट मशीनवर ठेवला, कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं, शिक्का मारला आणि मागच्याला हात केला. तारखेकडे तिनं पाहिलं असेल तरी मला दिसलं नाही.

बायको शेवेची पिशवी सावरत म्हणाली, "झालं? एवढंच?"